हैदराबादचं विमान आणि मायचा होकार

आमच्या गावाशेजारून हैदराबादचं विमान सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मी त्यात बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण मला ओळखणारे लोक इथंच अडणार आहेत. जिनं या विमानतळाविरुद्ध पिवळी पत्रकं काढली, गोंदियाच्या बाजारात उभी राहून वाटली, पोलिसांच्या गाडीतून फिरून आली, तीच पोरगी तिकीट काढून विमानात बसली. हो, बसली. आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

माझं भांडण विमानाशी कधीच नव्हतं. भांडण होतं ते होकाराशी. गावात मधली माणसं आली, नुसती जमिनीची मोजणी आहे म्हणाली, लोकांनी चहा पाजून हो म्हटलं. मोजणीची माणसं गेली आणि कुंपणाची आली. आमच्या दोन बांध्या कुंपणात गेल्या. धान व्हायचं त्यात, आणि चांगलं व्हायचं. मोहाच्या झाडाखालचा मातामायचा पारही आत गेला. मातामाय म्हणजे आमच्या गावची देवी, शेंदूर लावलेला दगड. दगड उचलून रस्त्याच्या कडेला आणला, नारळ फोडला, नवा ओटा बांधला. पण म्हाताऱ्या बाया अजून नव्या ओट्यापुढं उभ्या राहून हात जोडतात ते कुंपणाकडे तोंड करून. जागा तीच, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा मी कॉलेजात होते. पहिलं पत्रक मी लिहिलं आणि त्यात ठळक अक्षरात एकच गोष्ट छापली: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. गावात सगळ्यांना वाचता येतं असं नाही, म्हणून चावडीवर मीच ते मोठ्यानं वाचायची. बाकीचं सगळं लोक विसरले, कलमं विसरले, मागण्या विसरले. एवढं एक वाक्य धरून बसले. इतकं, की त्याचीच थट्टा सुरू झाली. पोरीचं स्थळ आलं तर बाप म्हणायचा, घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार नाही, पत्रकात लिहिलं आहे. बैल घ्यायला गेलेला माणूस बैलाच्या तोंडात मान घालायचा. एका काकूनं तर जावयानं फोनवर विचारलेल्या गोष्टीला हो म्हणायला चक्क नकार दिला होता. गोष्ट काय, तर दिवाळीला येऊ का.

मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा. ते वाक्य चूक नव्हतं, आजही नाही.

धानाची कापणी चालू होती. मी गोंदियाहून दोन दिवसांसाठी घरी आले होते. बाबा वरच्या बांधीत, मी आणि माय खालच्या बांधीत. सकाळीच माझ्या फोनवर हैदराबादहून फोन आला. माझा लहान भाऊ तिथं बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो. आमच्याकडची अर्धी पोरं तिकडेच असतात, धानाची रोवणी आटपली की जातात आणि सणावारी येतात. फोन त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा होता, अर्जुनी मोरगावकडचा पोरगा. तो बोलायला अडखळत होता म्हणून मला आधी वाटलं, याला पैसे पाहिजेत.

भावाचा उजवा हात माल चढवायच्या लिफ्टच्या दोरात सापडला होता. आज नाही, तीन दिवस झाले. घरी कळवू नका म्हणून त्यानंच सांगितलं होतं. दवाखान्यात होता. हात काळा पडत चालला होता आणि डॉक्टर म्हणत होते की आजच कापावा लागेल, नाही तर जहर अंगात चढेल आणि मग माणूसच जाईल.

फोन स्पीकरवर होता. माय बाजूलाच होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि फोन माझ्या हातून घेतला.

"त्याले दे," ती म्हणाली.

भाऊ बोलला. त्याचा आवाज बरा होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"माय."

"कापू देऊ नोको," माय म्हणाली. "मी येतो. माह्या डोऱ्यानं पाहीन, मग सांगीन. तवरिक कोणी हात लावला नाही पायजे."

"बरं, माय."

बस, एवढंच. फोन बंद झाला.

मी मायशी भांडले. तिथंच, बांधीत उभं राहून. म्हटलं, डॉक्टर सांगून राहिले ना, आजच करावं लागते म्हणून. म्हटलं, फोन लाव आणि हो म्हण. म्हटलं, ते जमिनीचं होतं, हे हाताचं आहे.

"जमीन गेली तरी आपण जित्ते आहोत," ती म्हणाली. "हात त्याचा आहे. न पाहता कशी सांगू? दवाखानेवाले काय, कापून मोकळे. तूच त वाचून दाखवलं होतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं.

मग मी बांधावर जाऊन एकटीनं भावाला फोन लावला. तू सज्ञान आहेस, तुझा हात आहे, तूच डॉक्टरला हो म्हण, मायचं मी पाहून घेते.

"हे अंग तिनं देल्लं आहे, ताई," तो म्हणाला. "ती नाही म्हणते त मी कसा कापू देऊ? तुम्ही या. मी थांबतो."

आता जायचं कसं. गाडी संध्याकाळची, पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर म्हणतात आज. मी हिशेब करत होते, पण डोकं चालत नव्हतं, त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा आठवत होत्या. विमानाचं नाव मी काढलं नाही. ते मायनं काढलं.

"अठून जाते ना हैदराबादले?" तिनं कुंपणाकडे हनुवटी केली. "दुपारचं जाते. रोज आवाज येते."

मी फोनवर गाड्याच पाहत राहिले.

"काऊन व, बंद आहे का आज?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."

दोघींचं तिकीट मी तिथंच बांधावर बसून मोबाईलवर काढलं; बाबा कापलेल्या धानापाशी मागं थांबले. मला काय वाटलं, असं नंतर कोणीतरी विचारलं. काहीच वाटलं नाही. मायच्या आधारकार्डावरचं नाव आणि मी तिकिटावर टाकलेलं नाव जुळतं की नाही, एवढं फक्त पाहिलं.

विमानतळाच्या इमारतीवर उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या, सुकून तपकिरी झालेल्या. पुढाऱ्यांचे हसरे फोटो होते. खाली लिहिलं होतं की आता आपला जिल्हा उडणार. आमच्या गावापासून त्या दारापर्यंत जायला मात्र काही उडत नाही. शेजारच्या पोरानं मोटरसायकलवर दोन खेपा करून आम्हाला सोडलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या चिचगडकडून कोणाला विमान पकडायचं असेल तर त्यानं आदल्या दिवशीच निघावं, बस मिळाली तर मिळाली. असलं काही मनात आलं की मी लगेच लिहून ठेवते. त्या दिवशी मनात आलं आणि तसंच निघून गेलं.

दारावरच्या पहारेकऱ्यानं मला ओळखलं. आम्ही धरणं धरायला यायचो तेव्हा तोच समोर उभा असायचा. हिंदीतच बोलायचा.

"मैडम, आज झंडा नहीं लाए?"

मी आधारकार्ड पुढं केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, कार्ड परत दिलं आणि आत जा म्हणून हात केला. शहाणा माणूस.

आत गोंदियातला एक राइसमिलवाला भेटला. महिन्यातून दोनदा धंद्यासाठी हैदराबादला जाणारा, विमानामुळं खरोखर खूश झालेला माणूस. बाजारात मी त्याच्या दुकानातही पत्रक टाकलं होतं आणि त्यानं ते माझ्यासमोर घडी घालून गल्ल्याखाली ठेवलं होतं. तो मला पाहून मनापासून हसला.

"आखिर आप भी आ ही गए," तो म्हणाला. मग मराठीत, "बसा बसा. एकदा बसलं की सवय होते, बेटा."

मला राग यायला हवा होता. राग मला पटकन येतो, माझं चळवळीचं कामच त्यावर चालतं. त्या वेळी तो आला नाही. मी त्याला सांगितलं, भाऊ दवाखान्यात आहे. त्याचं हसू गेलं. त्यानं आपली पाण्याची बाटली मायसमोर धरली, माय नको म्हणाली, तर ती तशीच तिच्या बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिली. मग तो फोनवर तांदळाचे भाव बोलत बसला.

विमान छोटं होतं, पंखेवालं. काचेच्या दारातून बाहेर पडायचं आणि चालत जायचं. मी पुढं होते, पिशवी माझ्याकडे. माय मागं. मी वळून पाहिलं नाही, कारण मी दवाखान्याच्या पत्त्याचा मेसेज वाचत होते. ती काय करत होती ते मला त्यामुळं दिसलं नाही.

इकॉनॉमी म्हणतात त्याला. म्हणजे स्वस्तातली जागा. पण त्या विमानात दुसरी जागाच नव्हती, सगळेच स्वस्तातले. तरी पुढच्या रांगेला वेगळा दर होता, खिडकीला वेगळा, आणि राइसमिलवाला पुढच्या रांगेत होता. गुडघे समोरच्या पाठीला टेकत होते. माय खिडकीशी, मी तिच्या बाजूला. घोषणा इंग्रजीत झाली, मग हिंदीत झाली. मराठीत झाली नाही. ज्या मातीवर विमान उभं होतं, त्या मातीची भाषा त्याला येत नव्हती. हे वाक्य मी पत्रकात आधीच एकदा वापरलं आहे. बसल्या बसल्या ते आपोआप आठवलं, जसा जुना फोन नंबर आठवतो. त्याच्याशी माझं काही देणंघेणं नसल्यासारखं.

दार बंद झालं. पंखे सुरू झाले. मग बंद झाले आणि दार पुन्हा उघडलं.

बाहेरून एक कर्मचारी आत आला, हवाई बाईशी कुजबुजला. ती मधल्या वाटेनं डोकी मोजत मागं गेली, मोजत पुढं आली, पुन्हा मागं गेली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, बिघाड आहे. कोणीतरी म्हणालं, कोणी मोठा माणूस यायचा असेल, त्याच्यासाठी थांबवलं. मी घड्याळाकडे पाहत होते. एवढं मला आठवतं, की मी घड्याळाकडेच पाहत होते. भावाचा हात तिकडे काळा होत होता आणि ही बाई डोकी मोजत होती.

शेवटी घोषणा झाली. हिंदीच, पण तीही अशी की त्यात हिंदी कमीच. गेटजवळ कोणाचं तरी फुटवेअर सापडलं आहे, ज्याचं असेल त्यानं सांगावं. नवीनच विमानतळ, नवीनच माणसं. दारात कोणाच्या तरी चपला पडल्या आहेत, म्हणजे कोणीतरी आत आलं आणि विमानात चढलंच नाही, असं त्यांनी धरलं होतं. चढला नाही तो माणूस गेला कुठं, हे कळल्याशिवाय ते विमान सोडणार नव्हते.

"फुटवेअर म्हणजे का?" मायनं मला विचारलं.

"चपला."

"मंग माह्याच आहेत."

मी खाली पाहिलं. तिचे पाय उघडे होते. शेताचा चिखल टाचांवर वाळलेला.

"काऊन काढल्या?" माझा आवाज चढला. विमानात तेवढं एकच माझ्याकडून मोठ्यानं झालं.

"इथंच त मातामायचा पार होता," ती म्हणाली. "त्या दाराच्या बाहेर. मोहाचं झाड होतं ना. चपला घालून कशी जाऊ? पोराच्या कामाले जाऊन राहिलो आपण."

तिनं त्या देवळाबाहेर काढतात तशा काढल्या होत्या, जोडीनं, तोंड बाहेर करून. परत निघताना पाय घालायला सोपं जावं म्हणून. विमानातून माणूस त्याच दारानं परत येईल, असं तिला वाटलं असेल. किंवा तिनं तेवढा विचारही केला नसेल. आमच्या गावच्या कुठल्याही बाईनं त्या ठिकाणी तेच केलं असतं. करणार नाही ती एकच, मी, कारण मी फोनमध्ये पाहत होते.

मी हात वर केला. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मागून कोणीतरी म्हणालं की आजीबाईला वाटलं मंदिर आहे. राइसमिलवाल्यानं मान वळवली आणि त्या माणसाला गोंदियाच्या हिंदीत एकच वाक्य सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग शांत झालं. चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत आणल्या गेल्या, जसा काही पुरावा. हवाई बाईनं त्या दोन बोटांनी धरून मायला दिल्या. मायनं हात जोडून घेतल्या. पायात घातल्या नाहीत, कारण विमान अजून त्याच जमिनीवर उभं होतं. मांडीवर ठेवल्या.

त्यानंतर कसल्या तरी परवानगीची वाट पाहण्यात आणखी वेळ गेला. मग आम्ही उडालो.

लोक मला विचारतात, वरून गाव कसं दिसलं. नाही दिसलं. गाव पलीकडच्या खिडक्यांकडे होतं. आमच्या खिडकीतून तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, त्यांचा धूर, आणि कापलेल्या धानाचे चौकोन. बोड्यांमध्ये, म्हणजे शेतांमधल्या लहान तळ्यांमध्ये, थोडं थोडं पाणी होतं. मायनं एकदा वाकून पाहिलं, मग मान सरळ केली आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत बसली. ती घाबरली आहे का, मी विचारलं. कायले, ती म्हणाली. चहा-बिस्किटांची गाडी आली, विकतची. कोणी विकत घेतलं, कोणी नाही घेतलं. एक नवरा-बायको सारखे आपले फोटो काढत होते. मला ऐकू कमी येत होतं, कानात दडे बसले होते, आणि ते तसेच राहावेत असं वाटत होतं.

हैदराबादला अर्जुनीचा पोरगा न्यायला आला होता. विमानतळापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता विमानाच्या प्रवासाएवढाच लांब निघाला. रिक्षात तो सांगत होता की भावाला ताप चढला आहे, दुपारपासून डॉक्टर दोनदा रागावून गेले. मायनं त्याला विचारलं, तू जेवला का बाबू. तो रडायला लागला. मी बाहेर पाहत होते.

भाऊ खाटेवर बसलेला होता. आम्हाला पाहून तो हसला, तोंड सुकलेलं. हातावर पट्टी होती, कोपरापर्यंत, आणि त्या पट्टीचा वास दारापर्यंत येत होता. मायनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. डॉक्टर आले, तरुणच होते, दमलेले. मी त्यांना हिंदीत सांगितलं, ही आई आहे, तिला पाहायचं आहे. ते म्हणाले, पाहण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, सोडा पट्टी. माझा सभेतला आवाज त्या वेळी माझ्या कामी आला, एवढंच त्याचं झालं.

पट्टी सोडली. मी पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. माय पाहत राहिली. ती खाली वाकली. बोटं एकेक पाहिली. बोटाला हात लावून भावाला विचारलं, कळते का. तो नाही म्हणाला. मनगटाला लावून विचारलं. नाही. थोडं वर. नाही. कोपराच्या खाली तिनं बराच वेळ बोट धरून ठेवलं.

"नाही, माय."

ती सरळ उभी राहिली. डॉक्टरकडे पाहून मराठीतच म्हणाली, "मी पाहिलं. कापा."

मग भावाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी सांगितलं. तुह्यावर काही नाही. समजलं का?"

त्यानं मान हलवली.

त्याला घेऊन गेले. जाता जाता डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, कदाचित त्यांनाही ते मायनं ऐकू नये असं वाटत असेल. सकाळीच केलं असतं तर कोपर राहिलं असतं. आता कोपराच्या वरून घ्यावं लागेल. कोपर असलं की नकली हात लावता येतो, पुष्कळ कामं होतात. कोपर नसलं की कठीण. ते मला दोष देत नव्हते, नुसतं सांगत होते. मी ओके म्हटलं.

बाहेर आम्ही बाकावर बसलो. मायनं लुगड्याच्या पदरानं पाय पुसले आणि चपला घातल्या.

"मी नसतं पाहिलं," ती म्हणाली, "त जल्मभर वाटत राहिलं असतं, का हात वाचला असता. आता नाही वाटणार."

आत काय बोलणं झालं, हे तिनं विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक होईल.

भाऊ वाचला. दोन महिन्यांनी गावात परत आला, रेल्वेनं. उजवी बाही माय रोज सकाळी गाठ मारून देते. बांधकामाच्या ठेकेदाराशी माझं भांडण चालू आहे, ते वेगळं, ते कागदावर आहे आणि मी सोडणार नाही. विमान रोज दुपारी डोक्यावरून जातं. गावात कोणी वर पाहत नाही आता.

कोपराचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते पोटात राहत नव्हतं, म्हणून मागच्या महिन्यात एके दिवशी भावाला सांगितलं. आम्ही दोघंच अंगणात होतो, तो डाव्या हातानं जेवायला शिकत होता. मी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, सकाळ आणि संध्याकाळ, वर आणि खाली.

तो जेवत राहिला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "सकाळीच सांगून गेले होते. म्हणे, थांबशील त वर चढेल."

"मग थांबला काऊन?"

"मायनं थांब म्हटलं होतं ना."

त्यानं भाताचा घास पुन्हा नीट केला. तो ताटाबाहेर सांडत होता. मी ताट त्याच्याकडे सरकवलं.

"तिले सांगजो नोको," तो म्हणाला.

घरातून माय बाहेर आली, सुपात धान घेऊन. आम्हाला पाहून तिनं विचारलं, काय बोलून राहिले दोघं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तिनं दोघांकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, मग खाली बसली आणि धान पाखडू लागली.